वेदनारहित, मागच्या दाराने

"तिसऱ्या ओळीत काय लिहू?" पेंटरने शिडीवरून विचारलं.

पाटीची पहिली ओळ लिहून झाली होती, म्हणजे नाव. दुसऱ्या ओळीत 'समुपदेशक' आणि पुढे पदवीची अक्षरं. तिसरी ओळ कोरी होती आणि पटाशी खाली उभी राहून तिच्याकडे बघत होती.

"सर्व प्रकारच्या मानसिक अडचणी," ती म्हणाली.

"मुळीच नाही!" आतून बाबांचा आवाज आला. "सगळंच करते म्हणालीस तर काहीच येत नाही असं वाटतं लोकांना. एक काहीतरी धर. माझ्या पाटीवर काय होतं? दंतवैद्य. आणि त्याच्या खाली?"

"वेदनारहित," पेंटर म्हणाला आणि त्याने ब्रशच्या हातानेच उजवा गाल झाकला. गालावर निळा रंग लागला.

तो शब्द त्यानेच लिहिला होता, कित्येक वर्षांपूर्वी, याच पाटीवर. नव्या पांढऱ्या रंगाचे हात देऊनही तो पुसट दिसतच होता. नेमका तिसऱ्या ओळीच्या जागी.

*

पटाशी हे तिचं खरं नाव नव्हे. बाबांनी घरादाराला दातांची नावं ठेवली होती. हिचे पुढचे दोन दात मोठे म्हणून ही पटाशी. हिच्यामागून फार उशिरा, भलत्याच वेळी आणि सगळ्यांना त्रास देत आलेला भाऊ म्हणजे अक्कलदाढ. आईला त्यांनी एकदाच 'कवळी' म्हणून पाहिलं होतं.

बाबांनी दवाखाना बंद केला आणि तीच जागा पटाशीला दिली. बाहेरची बाकांची खोली, आतली कामाची खोली आणि आतल्या खोलीला गल्लीत उघडणारं मागचं दार. पटाशीचं अर्धं बालपण इथे गेलं होतं. शाळेतून ती थेट इथेच यायची, बाहेरच्या बाकावर गृहपाठ करायची. लवंगेच्या तेलाचा वास तिच्या वह्यांना यायचा. दातांचे ठसे घेऊन झाले की प्लास्टरचे जुने जबडे बाबा तिला खेळायला द्यायचे. बाकीच्या मुली बाहुल्यांची लग्नं लावत तेव्हा ही वरच्या आणि खालच्या जबड्याची भांडणं सोडवत असे. समुपदेशनाची सुरुवात तिथेच झाली म्हणायची.

आता जबडे नव्हते, पण खुर्ची होती. हिरव्या रेक्झिनची, डोक्यावर दिवा, हाताशी चूळ थुंकायचं पांढरं भांडं. ती जमिनीत सिमेंटने बसवलेली होती. काढायची तर फरशी फोडावी लागली असती. आणि फरशी फोडायची तर बाबांना सांगावं लागलं असतं. पायाचा खटका दाबला की ती खाली जायची, आणि जाताना एक लांब उसासा टाकायची.

"असू दे तिला," बाबा म्हणाले होते. "तुझी माणसंही बसूनच बोलणार ना? या खुर्चीतून कधी कुणी ओरडत बाहेर गेलेलं नाही. हात हलका होता माझा."

हे खरं होतं. कुणीही ओरडलं नव्हतं. तोंडात एवढा कापूस असताना माणूस ओरडणार कसा, हे मात्र बाबांच्या कधी लक्षात आलं नाही. ते सुई हातात घ्यायचे, "मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणायचे, आणि कामाला लागायचे. पेशंट "आ आ" करत काहीतरी सांगायचा. बाबांना ती भाषा चांगली येत असे. "हो ना, उकाडा फार आहे," असं उत्तर ते देत. पेशंट उकाड्याबद्दल बोलत नसे.

पण 'हलका हात' हे बाबांचं आयुष्यभराचं जमवलेलं धन होतं. दवाखाना बंद केल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. शिवाय पुरावा घरातच होता. आईचे दात. "बघ, एकाला तरी हात लावावा लागला का मला?" ते पाहुण्यांना सांगत, आणि आई दात दाखवत हसे.

*

तिसरी ओळ: मुलांचे प्रश्न.

पहिला मुलगा आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आला. खुर्ची पाहिली. मागे फिरला. बाहेरच्या खोलीत बाबांनी त्याला प्रेमाने अडवलं आणि सवयीने हनुवटी धरली. मुलगा बाबांना चावला.

"वरचे दात चांगलेत," बाबा बोट चोळत म्हणाले. "खालचा एक किडलाय."

तिसरी ओळ: नवरा-बायकोतील मतभेद.

एक जोडपं आलं. नवरा बोलत बोलत खुर्चीत बसला, पाय खटक्यावर पडला, खुर्ची उसासा टाकून खाली गेली, वर दिवा दिसला आणि त्याने नकळत तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. बायकोला लग्नानंतर पहिल्यांदा सलग बोलायला मिळालं. जाताना ती पटाशीचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू!" पुन्हा येण्याची तिला गरज वाटली नाही.

तिसरी ओळ: ताणतणाव, निद्रानाश.

एका ऑफिसातले हेडक्लार्क आले. झोपले. उठवलं तेव्हा रागावून गेले.

दरवेळी पेंटर यायचा, तिसऱ्या ओळीवर पांढरा हात मारायचा, आणि रंग वाळला की त्याच्या खालून 'वेदनारहित' पुन्हा डोकं वर काढायचं.

"असला कसला रंग वापरला होता हो तुम्ही?" पटाशीने विचारलं.

"चांगला," पेंटर म्हणाला. बोलताना त्याचं तोंड एकाच बाजूने हलायचं.

मग अक्कलदाढेचा फोन. तो दूरच्या शहरात जाहिरातीच्या धंद्यात होता. पटाशीची बाजू बाहेर ऐकू येत होती ती अशी:

"हो, कळतंय... अरे पण कुठलं एक?... मला सगळीच माणसं आवडतात... नाही, ही अडचण नाही, हा स्वभाव आहे... म्हणजे ज्याची गर्दी माझ्याच दारात आहे आणि मला दिसत नाहीये?... दारात कोण असणार? दारात बाबा बसलेत."

*

बाबा खरोखरच दारात बसत. मुलीला मदत म्हणून बाहेरच्या खोलीतलं टेबल त्यांनी घेतलं होतं. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, समोर रिकामे बाक. दुपारी ते चक्कर मारायला जात.

अशाच एका दुपारी पेंटर शिडीवरून खाली आला. डॉक्टर नाहीत याची त्याने खात्री केली. उंबऱ्याच्या आत मात्र आला नाही.

"ताई, एक विचारू? ती अजून आतच आहे?"

"कोण?"

"ती. खुर्ची."

तेव्हा पटाशीने त्याचा गाल नीट पाहिला. तो रंगामुळे सुजल्यासारखा दिसत नव्हता. तो सुजलेलाच होता.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखतंय म्हणजे, आता सवयीचं झालंय. डाव्या बाजूनं खातो मी. 'वेदनारहित' लिहिलं ना, त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी माझी दाढ काढली होती. म्हणाले, मुंगी चावेल. ताई, ती मुंगी नव्हती. तेव्हा शिडीवर उभा राहून तो शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानंतर शेजारची दाढ किडली तरी कुठल्याच दातवाल्याकडे गेलो नाही. तो कोपऱ्यावर नवीन डेंटिस्ट मुलगी आलीय ना, तिचं दुकान लागलं की मी रस्ता ओलांडतो."

"मग आमच्याकडे कसे आलात?"

"डॉक्टरांनी बोलावलं. नाही म्हणायची हिंमत आहे का?"

पटाशीने आत वळून खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या मागच्या दाराने या. बसायचं नाही. फक्त बघायचं."

तो आला. पहिल्या दिवशी दारातून खुर्ची बघून गेला. मग एकदा खुर्चीच्या हाताला हात लावून गेला. मग कडेला टेकला, एक पाय गल्लीच्या दिशेला ठेवून. मग आडवा झाला आणि तोंड उघडलं, आणि पटाशीने काही न करता नुसता भांड्यातला नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. पेंटरच्या डोळ्यांतूनही वाहिलं. मग एके सकाळी तो कोपऱ्यावरच्या डेंटिस्ट मुलीकडे स्वतःच्या पायांनी गेला आणि परत येताना दोन्ही बाजूंनी काहीतरी खात आला.

पेंटर गावभर फिरणारा माणूस. आठवड्याभरात मागच्या गल्लीत माणसं उभी राहू लागली. शिंपी आला, बसचा ड्रायव्हर आला, औषधांच्या दुकानाचा मालक आला. सगळे गालाला रुमाल लावून, सगळे एकेकाळचे बाबांचे पेशंट. आणि एक दिवस काळ्या फ्रेमचा चष्मा आणि ताठ मान. पटाशीच्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांच्या नुसत्या खोकण्याने अख्खी शाळा गप्प होत असे.

"बाई, तुम्ही?"

"आवाज करू नकोस," मोठ्या बाई कुजबुजल्या. "ते बाहेर आहेत का?"

बाबांनी इतकी वर्षं राबून पटाशीसाठी जमिनीची अशी मशागत करून ठेवली होती की दुसऱ्या कुणा समुपदेशकाला ते भाग्य लाभलं नसतं. तिची खासियत तिला सापडली होती. फक्त ती पाटीवर लिहिता येत नव्हती, कारण पाटीखाली बाबा बसत.

*

"पटाशी, कुणीच येत नाही गं," बाबा संध्याकाळी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पाटीचंच चुकतंय काहीतरी. तू काळजी करू नकोस. बघतो मी."

"बाबा, काही बघू नका. चाललंय."

"काय चाललंय? मी दिवसभर समोर बसतो. एक माणूस आत जात नाही. मुलीचं बस्तान बसलेलं बघायचंय मला, एवढंच."

आणि त्यांनी फोन लावायला घेतले. जुन्या पेशंटांना. "काय हो, ओळखलंत का? माझी मुलगी बसते आता. उद्या या. याच."

दुसऱ्या दिवशी बाहेरची खोली भरली.

आले सगळे. नाही म्हणायची हिंमत कुणाचीच नव्हती. बाकांवर ओठ घट्ट मिटून ओळीने बसले, आणि बाबा प्रत्येकाची आपुलकीने चौकशी करू लागले.

"कसं काय?"

"म्हं," शिंपी नाकातून म्हणाला.

"मुलगा काय करतो?"

"म्हं हं म्हं."

"वा! इंजिनियर!" बाबांना ती भाषा येत होतीच.

एकेक जण आत जायचा आणि लगेच बाहेर यायचा. मग रस्त्याने वळसा घालून मागच्या दाराने पुन्हा आत शिरायचा आणि खऱ्या कामाला लागायचा. बाबांना दिसत होतं ते एवढंच की मुलीचा हात फार चलाख आहे. ते खूश होते. घरी जाऊन आईला म्हणाले, "माझ्यावर गेलीय."

आई पिशवी भरत राहिली. दर उन्हाळ्यात ती बसने एका मैत्रिणीकडे जाऊन यायची, त्या तयारीत ती होती.

पटाशी मात्र जेवली नाही. पेंटरने सकाळीच बजावलं होतं, "ताई, कोरी ओळ वाईट दिसते. लोक विचारतात काय म्हणून. लिहा ना सरळ, दातांच्या डॉक्टरांची भीती. दारात रांग लागेल."

"आणि बाबांना काय सांगू? की तुमचा हात..."

ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही. पेंटरलाही करावंसं वाटलं नाही.

*

मग पुढच्याच दिवशी खुर्ची अडली.

मोठ्या बाईंचा तो आडवं होण्याचा पहिला दिवस. गल्लीत शिंपी, ड्रायव्हर आणि औषधवाले आपली पाळी यायची वाट बघत होते. बाई खुर्चीत बसल्या, पटाशीने खटका दाबला, खुर्चीने उसासा टाकला आणि ती खाली गेली. अजून खाली गेली. डोकं खाली आणि पाय छताकडे अशी होऊन थांबली. पटाशीने खटका पुन्हा दाबला. काही नाही. दोन्ही पायांनी उभी राहिली. काही नाही.

"मला वर कर," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा कपाळावर घसरला होता.

"करते बाई. एक मिनिट."

"रक्त डोक्यात चाललंय माझ्या."

शिंपी मदतीला आत आला. ड्रायव्हरने गाडी सुरू होत नाही तेव्हा करतो तसं सगळीकडे आपटून पाहिलं. औषधवाल्यांनी बाईंच्या डोक्याखाली हात धरला. दिवा पेटला, विझला, भांड्यातला नळ आपोआप सुरू झाला आणि थांबेना. खुर्ची हलली नाही.

"हिचं एक आहे," पटाशी म्हणाली. "खाली डाव्या अंगाला एक विशिष्ट लाथ बसावी लागते. ती फक्त एका माणसाला येते."

सगळ्यांनी बाहेरच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पाणी वाहण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"नको," मोठ्या बाई उलट्या अवस्थेत म्हणाल्या. "मी अशीच राहीन."

पण आवाज बाहेर गेला होता. दार उघडलं आणि बाबा आत आले.

त्यांनी आधी खुर्ची पाहिली. डाव्या अंगाला एक हलकी लाथ मारली. खुर्ची उसासा टाकत वर आली आणि तिच्याबरोबर मोठ्या बाई. मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. काल ज्यांना बाहेर जाताना पाहिलं होतं ती सगळी माणसं इथे होती. मागचं दार उघडं होतं. प्रत्येकाचा हात आपापल्या गालावर होता.

"तुम्ही सगळे इथे? आणि मागून का?"

शिंपी म्हणाला, "म्हं."

मोठ्या बाईंनी चष्मा नीट केला. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेलं त्यांच्या अंगाशी आलं होतं. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही फार चांगले आहात. पण आम्हाला तुमची भीती वाटते. फार वाटते. त्या भीतीवरच इलाज चाललाय."

बाबांनी पटाशीकडे पाहिलं. पटाशीने मान खाली घातली. बाबांनी भांड्यातला नळ बंद केला, जाताना दिवाही घालवला. दवाखाना बंद करताना करायचे तसंच. आणि पुढच्या दाराने घरी गेले.

*

जेवताना ते एकच वाक्य बोलले. आईला.

"तू तरी सांग. तुझे दात..."

आईने पोळी वाढायची थांबवली. "एक सांगू का? माझी ती मैत्रीण आहे ना, जिच्याकडे मी उन्हाळ्यात जाते..."

"हं?"

"ती दातांचीच डॉक्टर आहे."

बाबा ताटावरून उठले नाहीत. पण घासही घेतला नाही. बराच वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"बाबा," पटाशी म्हणाली, "मी दुसरं काहीतरी धरते. नवरा-बायकोचं वगैरे. हे बंद करते."

बाबांनी ताटातच हात धुतला.

सकाळी बाहेरच्या टेबलामागे कुणी नव्हतं. इस्त्रीचा शर्ट नाही, पेन नाही. इतके दिवस तिला हवं होतं तसं झालं होतं, आणि त्या रिकाम्या टेबलाकडे तिला बघवेना. लहानपणी गृहपाठ करताना आतून बाबांची शीळ ऐकू यायची. अवघड दात असला की ते शीळ घालायचे. तिला नेहमी वाटायचं, बाबा खुशीत आहेत.

बाहेर पेंटर शिडी लावत होता. "काय ठरलं, ताई? आज काहीतरी लिहू द्या."

"थांबा जरा," ती म्हणाली, कारण मागच्या दारावर टकटक झाली होती.

तिने दार उघडलं. गल्लीत रांग होती. शिंपी, ड्रायव्हर, मोठ्या बाई. सगळे गप्प, भिंतीला पाठ लावून उभे, आणि सगळ्यांची नजर रांगेच्या टोकाकडे. तिथे बाबा उभे होते. गालाला रुमाल लावून.

"आधी हे आलेत," ते म्हणाले. "माझा नंबर नंतर."

"तुम्ही जा, डॉक्टर," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. "आम्हाला काही घाई नाही."

बाबा आत आले. खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबले. तिच्यासमोर ते आयुष्यभर उभे राहिले होते, पण डॉक्टरच्या बाजूला.

"दिवाळं निघालंय एका दाढेचं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. लवंगेचं तेल लावतोय."

"दोन वर्षं? आणि कुणाकडे गेला नाहीत?"

"तुला माहितीये मी दातांचा डॉक्टर का झालो?" बाबांनी रुमाल खाली घेतला. "लहानपणी माझे वडील मला धरून न्यायचे. त्या खोलीत दोनच जागा होत्या. एक बसायची, एक उभं राहायची. मी ठरवलं, या खोलीत यायचंच असेल तर आपण उभं राहायचं."

"म्हणून शीळ घालायचात?"

"हात थरथरायचा गं. शीळ घातली की थांबायचा."

पटाशीला हसू आलं आणि दुसरंही काहीतरी आलं. तिने खुर्चीचं हिरवं रेक्झिन हाताने पुसलं. "आज नुसता हात लावायचा. बसायचं नाही."

"नाही, बसतो. या सगळ्यांना मी पहिल्याच दिवशी बसवलं होतं."

ते बसले. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे हात असे पकडले की रेक्झिन करकरलं. पटाशीने खटका दाबला, खुर्चीने लांब उसासा टाकला, आणि बाबा हळूहळू खाली गेले. दारातून शिंपी, ड्रायव्हर आणि मोठ्या बाई श्वास रोखून बघत होते. गाल सगळ्यांनीच धरले होते, पण आज बाबांसाठी.

"हळू हं," बाबा म्हणाले. "मुंगी चावेल का?"

"नाही बाबा. आज मुंगीसुद्धा नाही."

त्यांनी तोंड उघडलं.

पुढच्या दारातून पेंटरने डोकं आत घातलं, समोरचं दृश्य पाहिलं आणि ब्रश खाली केला. "ताई, तिसरी ओळ..."

"आ, आआ, आ आआ," बाबा उघड्या तोंडाने म्हणाले.

"काय म्हणतायत?"

पटाशी याच खोलीत वाढली होती. ती भाषा तिलाही येत होती.

"म्हणतायत, नवीन काही लिहू नका. खाली जो शब्द दिसतोय त्यावरचा पांढरा रंग तेवढा खरवडा."